राजापूर मतदारसंघ गेला कुठे?

प्रश्न : आमचं गाव मालवण तालुक्यात, आम्ही राहतो डोंबिवलीला. आजोबा (वय ८२) नेहमी म्हणतात की आपला मतदारसंघ राजापूर आणि आपले खासदार नाथ पै नि दंडवते. पण निकालात तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग असं नाव असतं. आणि मित्र म्हणतात कोकण पहिल्यापासून शिवसेनेचंच. खरं काय?

उत्तर : आजोबांचंच खरं आहे. राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ २००४ पर्यंत होता, मग पुनर्रचना झाली आणि २००९ पासून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. राजापूरचं नाव आता फक्त विधानसभेला उरलंय.

आणि "पहिल्यापासून शिवसेना" हे तर अजिबात नाही. १९५७ ते १९९१ अशी सलग ३४ वर्षं इथून दोनच माणसं निवडून गेली आणि दोघंही समाजवादी. बॅरिस्टर नाथ पै मूळ वेंगुर्ल्याचे, १९५७, ६२, ६७ असे तीनदा खासदार झाले. जानेवारी १९७१ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले, आणि लगेच दोन महिन्यांत निवडणूक. उमेदवार कोण, तर मधु दंडवते, जन्म अहमदनगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, म्हणजे ना गावचे ना भावकीतले. तरी लोकांनी निवडून दिलं, तेही इंदिरा लाटेत, जेव्हा त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला अख्ख्या देशात दोन जागा मिळाल्या! मला तर १९८४ त्याहून मोठं वाटतं. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती निवडणूक, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या आणि जे थोडे वाचले त्यात दंडवतेंचं राजापूर होतं.

लोक का निवडून द्यायचे हे समजायला त्या वेळचं कोकण डोळ्यासमोर आणा. घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर हॉटेलात, गावचं घर मनीऑर्डरवर चालायचं, आणि गणपतीला यायचं तर रात्रभर एसटीत घाट नि वळणं, पोरं उलट्या करून अर्धमेली व्हायची, मी स्वतः त्यातलाच. म्हणून "रेल्वे येतली" हे वाक्य आमच्या घरात देवासारखं बोललं जायचं. दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम बसवायला त्यांनी सुरुवात केली, साध्या माणसाची पाठ टेकावी म्हणून, ते आजही कितीतरी जण सांगतात. पुढे १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. आणि १९९१ ला दंडवते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. गाडी पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला. मला ह्या गोष्टीचं अजून वाईट वाटतं.

शिवसेना आली ती १९९६ ला, सुरेश प्रभू, मग ते २००४ पर्यंत सलग चार वेळा. पण २००९ ला नवीन मतदारसंघात त्यांनाही काँग्रेसच्या निलेश राणेंनी हरवलं, २०१४ आणि १९ ला सेनेचे विनायक राऊत आले, २०२४ ला भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. म्हणजे २००९ पासून तीन पक्षांचे तीन खासदार झाले, ह्याला बालेकिल्ला कसं म्हणायचं?

एक काम मात्र कराच. आजोबांनी पहिलं मत बहुतेक १९६७ ला दिलं असणार, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि नाथ पैंच्या पक्षाची निशाणी झोपडी होती. झोपडीवर शिक्का मारायला ते कुठल्या शाळेत गेले, सोबत कोण होतं, प्रचाराची सभा कुठे झाली ते सगळं विचारून लिहून काढा आणि आम्हाला पाठवा.