काशीहून आलो तर घराची ही दशा, एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नऊ दिवस काशी-अयोध्या करून बेळगावात वडगावच्या घरी आलात आणि कुलूप उघडलं तर मागच्या सोप्याची (पडवीची) कौलं वळवाच्या वाऱ्यानं उडालेली, पावसाचं पाणी आत येऊन गाद्या-कपाट भिजलेलं, व्होल्टेज वरखाली होऊन फ्रिज आणि बोअरची मोटर दोन्ही गेलेली, वर नळाला पाणी आलं त्या दिवशी टाकीचा बॉल कॉक अडकून रात्रभर पाणी वाहिलेलं आणि बेडरूमचा स्लॅब पाझरायला लागलेला. बॅगासुद्धा उघडल्या नसतील तुम्ही, आणि त्यातच गवंडी येऊन म्हणाला की आता उघडलंच आहे तर कौलं काढून स्लॅबच टाकूया. सगळं मिळून ४ लाख ८३ हजार. आणि तुम्ही विचारताय की मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ५ लाखाची एफडी मोडू, का बँकेचा मेसेज आलाय ते ४ लाखाचं पर्सनल लोन घेऊ, का सासूबाई म्हणतात तशा त्यांच्या पाटल्या गहाण ठेवू.

माझं उत्तर आधीच सांगते, तिन्हीतलं काहीच नको. कारण हा ४ लाख ८३ हजारांचा खर्च नाहीच आहे. तुमच्याच आकड्यांची फोड करून बघा. कौलं, वासे-रीपा बदलणं, कोने (आढ्यावरची कौलं) बसवणं ४८ हजार, वायरिंग आणि अर्थिंग १४ हजार, मोटर रिवाइंडिंग साडेपाच हजार, प्लंबर आणि बॉल कॉक अडीच हजार, म्हणजे ७० हजार झाले. फ्रिज ३१ हजार धरला तर १ लाख १ हजार. हे झालं नुकसान. मग रंगकाम ४० हजार आणि गाद्या-कपाट २२ हजार, हे ६२ हजार थांबू शकतात. आणि उरलेले ३ लाख २० हजार म्हणजे स्लॅब, तो वाऱ्यानं पडलेला नाही ताई, तो गवंड्यानं सुचवलेला आहे. प्रवासाहून दमून आलेल्या माणसाला घर मोडलेलं दिसलं की एकदाचं सगळं करून टाकूया असं वाटतंच, ते मी समजू शकते, खरं दुरुस्ती आणि नवीन बांधकाम एका हिशेबात घातलं की दुरुस्तीची घाई बांधकामाला पण लागते आणि तिथंच लोक कर्जात जातात. शहापूर, अनगोळ, खानापूरची किती घरं मी अशी बघितली आहेत.

त्यात स्लॅबला हा महिनाच चुकीचा. मृग लागायला पंधरा दिवस नाहीत, जुना सोपा उतरवायचा, सेंट्रिंग लावायचं, सळी बांधायची, ओतायचं, मग क्युरिंग, सेंट्रिंग काढायला परत दिवस, आणि मधेच पाऊस लागला तर घर वरून उघडं. बेळगावचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा गवंड्याला आजच सांगा की फक्त कौलं आणि वासे, आणि तेही कागदावर लिहून सही करून दे. जुनी चांगली कौलं वेगळी काढून परत वापरायला सांगा, मंगळुरी कौल धड असेल तर टाकून द्यायचं काही कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय आणि तुम्ही पुढे निघून गेलात. २०२२ मध्ये वरच्या खोलीसाठी हाऊसिंग लोन घेतलंय असं लिहिलंय तुम्ही. मग घराचा विमा असण्याची चांगली शक्यता आहे. लोन देताना बँका बहुतेक वेळा घराची पॉलिसी काढायला लावतात, प्रीमियम लोनमध्येच धरतात किंवा खात्यातून एकदम कापतात, आणि ते कागद सह्यांच्या गठ्ठ्यात जातात, घरात कुणाला आठवतसुद्धा नाही. लोनची फाइल काढा, नसेल तर ब्रँचला जाऊन पॉलिसी नंबर मागा. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा ही एकसारखी स्टँडर्ड पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावी लागते, तीच असेल तर त्यात आग, वीज पडणं, पूर याच्याबरोबर वादळ पण आहे, आणि पाण्याची टाकी, पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान पण आहे. म्हणजे तुमची उडालेली कौलं आणि ओसंडलेली टाकी, दोन्हीचा क्लेम लावायला जागा आहे. घरातल्या सामानाचं कव्हर बिल्डिंगच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत, आपोआप येतं, तुम्ही किंवा बँकेनं नको म्हटलं नसेल तर. म्हणजे गाद्या-कपाट त्यात येऊ शकतात.

खरं फ्रिज आणि मोटरची आशा धरू नका. व्होल्टेज वाढून किंवा शॉर्ट सर्किट होऊन त्या मशीनचंच जे नुकसान होतं ते साध्या पॉलिसीत येत नाही, वीज पडल्यामुळे तसं झालं असलं तरी. आणि बेडरूमच्या स्लॅबला आधीपासून बारीक ओल येत होती असं असेल तर जुन्या पाझराचे पैसे मिळत नाहीत, तेवढं खरं खरं सांगा विमा कंपनीकडून नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरला, लपवून पुढं अडचण होते.

आणि कृपा करून भिजलेल्या गाद्या टाकून देऊ नका अजून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस झाला तेव्हा आमच्याच घरात गुडघाभर पाणी होतं, मी स्वतः असे सल्ले देणारी बाई, तरी घाणीचा वास सहन होईना म्हणून दुसऱ्या दिवशी गाद्या, कपाट, पुस्तकं सगळं बाहेर टाकलं, फोटो दोनच काढलेले, सर्व्हेअर आला त्याला दाखवायला काही नाही, सामानाचा क्लेम निम्म्याहून कमी झाला. ते मला अजून लागतं. म्हणून सांगते, प्रत्येक खोलीचे फोटो, व्हिडिओ, पडलेल्या कौलांचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, मग कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही, आजच. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री घालायला हरकत नाही, उलट नुकसान वाढू न देणं हे आपलंच काम असतं, ताडपत्रीची पावती ठेवा. गवंड्याचं, इलेक्ट्रिशियनचं बिल नाव-तारखेसह घ्या. लोन चालू असल्यामुळे क्लेमच्या रकमेवर बँकेचं नाव असू शकतं, तेव्हा ब्रँच मॅनेजरशी आधी बोलून ठेवा की पैसे दुरुस्तीसाठी मिळतील ना. हा क्लेम आला तर आला, मी खालचा हिशेब तो शून्य धरूनच केलाय.

पैसे कुठून काढायचे ते आता. तुमच्याकडे सेव्हिंगला ४६ हजार, क्रेडिट सोसायटीत १ लाख १० हजाराची ठेव ऑगस्टमध्ये संपणारी, मिस्टरांची पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची बचत) ४१ हजार, आणि बँकेतली एफडी. पहिल्यांदा सेव्हिंगमधून क्रेडिट कार्डाचे ट्रिपचे ३८ हजार पूर्ण भरून टाका, ड्यू डेटच्या आत. तुम्ही लिहिलंय यावेळी मिनिमम भरून बाकी दुरुस्तीला वापरू, ते अजिबात नको. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के पडतं, म्हणजे ३८ हजारावर महिन्याला तेराशेच्या आसपास, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीला पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

मग दुरुस्तीसाठी सोसायटीची ठेव मोडा. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल कारण तिथं व्याज जास्त आहे, ९ टक्के. म्हणूनच मोडा म्हणते. आपल्याकडे गल्लीगल्लीत सोसायट्या, सौहार्द सहकारी, मल्टिस्टेट आहेत, ओळखीची माणसं असतात, पिग्मी एजंट रोज दारात येतो, त्या विश्वासाला मी नावं ठेवत नाही. खरं बँकेतल्या ठेवीला एका बँकेत माणसी ५ लाखापर्यंत ठेव विमा आहे, तो क्रेडिट सोसायट्यांना लागू नाही. म्हणजे तुमच्या मुलीच्या फीची एफडी ही घरातली सुरक्षित रक्कम आणि सोसायटीची ठेव ही त्यातल्या त्यात धोक्याची, मग अडचणीला आधी कुठली वापरायची? मुदतीआधी मोडली म्हणून दोन टक्के व्याज कमी दिलं असं धरलं तरी झालेल्या दहा महिन्यांचे अठराशे-दोन हजार जातील. समजा त्यांनी आत्ता मोडून द्यायला नाही म्हटलं तर त्याच ठेवीवर लोन मागा, ऑगस्टमध्ये ठेव संपली की फिटेल.

एफडी मोडलीत तर काय जाईल बघा. चौदा महिने झालेत, त्या मुदतीचा कमी दर लावून वर एक टक्का दंड कापला तर साधारण दीड टक्क्याचा फरक, ५ लाखावर पावणेनऊ हजारापर्यंत. ते पण एकवेळ चालेल, खरं खरी भीती दुसरी आहे. पुढच्या जूनमध्ये मुलगी सीईटीच्या काउन्सेलिंगला बसेल, सीट लागली की फी भरायला दिवस मोजके मिळतात, त्या वेळी हे पैसे नसले तर घाईत घेतलेलं लोन महागच पडेल. पर्सनल लोनचं म्हणाल तर ४ लाख, १५ टक्के, पाच वर्षं, हप्ता साडेनऊ हजार आणि व्याजच १ लाख ७१ हजार. तुमचा घराचा हप्ता ११ हजार ८०० चालूच आहे, मिस्टरांचं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं जॉबवर्क एक महिना भरपूर, एक महिना ढिलं, त्यावर पाच वर्षांचा आणखी एक हप्ता मी बसवणार नाही.

क्वचित वासे काढल्यावर आत भिंतच निखळलेली निघाली आणि ४०-५० हजार जास्त लागले, तर एफडी न मोडता त्याच्यावर ओडी घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. १ लाख घेतले तरी, ८ टक्क्यांनी, महिना १० हजार फेडले तर दहा महिन्यांत व्याज ३ हजार ७०० च्या आत. सोनतारण पण पर्सनल लोनपेक्षा स्वस्त असतं, त्यात कमीपणा काही नाही, खरं सासूबाईंच्या पाटल्या हा त्यांचा शेवटचा आधार आहे, त्यांनी प्रेमानं पुढे केल्या म्हणून आपण हात लावायचा नाही. त्यांना तसं बोलून दाखवा, बरं वाटेल त्यांना.

फ्रिज अकरा वर्षांचा आहे म्हणता, तर त्यात सात-आठ हजार घालून दुरुस्त करू नका. नवीन घेताना नो कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणून देतात ते हप्ते) घ्यायच्या आधी दुकानदाराला रोखीचा भाव विचारा, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मिळून तो नो कॉस्ट राहत नाही. आणि वायरिंग-अर्थिंग झाल्याशिवाय नवीन फ्रिज प्लगमध्ये घालू नका, पहिलं काम तेच. भिंती ओल्या आहेत, रंग आत्ता दिलात तर दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतील, भिंत वाळू दे, दसऱ्यानंतर बघू. गाद्यांचं क्लेमवर ठरवा.

एवढं करून हातात पिग्मीचे ४१ हजार, ठेवीतले नऊ आणि सेव्हिंगमधले आठ राहतात, जवळजवळ ५८ हजार. तुमच्या घराला हे कमी आहे, म्हणून म्युच्युअल फंडाची महिन्याची ५ हजारांची एसआयपी सहा महिने थांबवलीत तरी चालेल, एवढ्यानं काही बिघडत नाही, ते ३० हजार सेव्हिंगला जमू देत. स्लॅबचं मुलीची पहिल्या वर्षाची फी भरून झाली की बोलू, तेव्हा हाऊसिंग लोनवर टॉप-अप (त्याच लोनवर वाढीव कर्ज) मिळतो का बघता येईल, तो पर्सनल लोनपेक्षा बराच स्वस्त बसतो.

पॉलिसी सापडली की पहिल्या पानावर बिल्डिंगची रक्कम किती आणि सामानाचं कव्हर आहे का, एवढं मला कळवा. आणि इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत मागच्या सोप्याचा मेन स्विच बंदच ठेवा ताई, ओल्या भिंतीला मुलं हात लावतात.