चोर मागे, गुप्तहेर पुढे: मूक विनोदपटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सुरुवातीच्या मूकपटांतल्या वेंधळ्या गुप्तहेरांवर लेख आला. त्यानंतर नाशिकच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. चार पत्रांत एकच प्रश्न होता, तो सर्वांत आधी घेतला.

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला १९१३ च्या सुमाराचा एक एकरिळी गुप्तहेरपट दाखवायचा आहे. त्याच्या दोन प्रती मिळाल्या, एक ११ मिनिटांची आणि दुसरी १५ मिनिटांची. यातली पूर्ण कुठली? (इंदिरानगर)

उत्तर: बहुधा दोन्ही पूर्ण आहेत. पूर्ण भरलेलं रीळ साधारण १००० फुटांचं असे आणि ३५ मि.मी. फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, मावतात, म्हणजे रिळात १६,००० फ्रेम. त्या सेकंदाला १६ च्या गतीने चालवल्या तर १६ मिनिटं ४० सेकंद लागतात, १८ ने पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास आणि २४ ने ११ मिनिटं ७ सेकंद. २४ ही बोलपटांची ठरलेली गती. तुमची ११ मिनिटांची प्रत कुणीतरी त्याच गतीने चालवून उतरवली असणार. खात्री करायची तर दोन्हींतल्या पाट्या (दृश्यांच्या मध्ये येणारा लिखित मजकूर) मोजा आणि पहिलं व शेवटचं दृश्य ताडून पाहा. सारखं निघालं तर काटछाट नाही, फक्त घाई आहे.

मग खरी गती कुठली? एक आकडा सांगता येत नाही. कॅमेरा हाताने फिरवायचा, एका फेऱ्यात ८ फ्रेम आणि सेकंदाला दोन फेरे, असा रिवाज होता. पण पाठलाग आला की विनोदपटाचा कॅमेरावाला मुद्दाम हात सावकाश फिरवी, म्हणजे फ्रेम कमी भरत आणि पडद्यावर पळापळ जास्त वेगाने दिसे. त्यामुळे पाठलाग मूळचाच वेगवान असतो आणि त्यावरून गती ठरवू नये. नटांच्या चालीवरूनही नको, ते सोंग करत असतात. ज्यांना अभिनय येत नाही त्यांच्याकडे पाहा: बादलीतून फेकलेलं पाणी, उडालेली धूळ, मागच्या रस्त्याने चाललेला कुणी बघ्या. ती माणसं माणसांसारखी चालली की गती जमली.

११ मिनिटांची प्रत प्लेअरमध्ये ०.७५ वर लावा, २४ चे १८ होतात. त्याआधी एक तपासणी करा. चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा (व्हीएलसी या प्लेअरमध्ये ई ही कळ). चालत्या माणसाच्या दृश्यात दर चौथी फ्रेम आधीच्या फ्रेमची हुबेहूब नक्कल असेल तर ती प्रत १८ ची २४ करून ठेवलेली आहे, म्हणजे गती आधीच सुधारलेली. दर तिसरी असेल तर मूळ १६. अशा प्रतीला पुन्हा ०.७५ लावलं तर गुप्तहेर पाण्याखाली चालल्यासारखे दिसतात आणि एकही हशा वेळेवर येत नाही.

कोजागिरीच्या चंद्राची काळजी नको, त्याच्या उजेडाने पडदा धुऊन निघत नाही. गल्लीतला एलईडी दिवा मात्र सगळं पांढरं करतो. पडद्याची पाठ त्या दिव्याकडे करायची आणि मागे काळं कापड किंवा ताडपत्री बांधायची.

प्रश्न: पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही मोबाइलवर सहा मिनिटांचा मूक गुप्तहेरपट करतोय. सगळं चित्रण दीडपट वेगाने केलं, तरी जुन्या चित्रपटासारखं दिसत नाही. नुसतं घाईचं वाटतं. (कॉलेज रोड)

उत्तर: तीन गोष्टी चुकतायत असं तुमच्या पाठवलेल्या तुकड्यावरून दिसतं.

पहिली गोष्ट शटरची. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दर फ्रेम साधारण १/३२ सेकंद उघडी राही, त्यामुळे पळणारा पाय किंचित पुसट येई. तुमचा मोबाइल भर उन्हात आपणहून १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर घेतो. प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी स्वच्छ येते आणि हालचाल तडतडते. मॅन्युअल नियंत्रण देणारं ॲप घ्या, २४ फ्रेम ठेवा आणि शटर १/५० च्या जवळ बांधा. चौकात उजेड जास्त होईल, तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा किंवा सकाळी चौकात सावली असताना काम उरका.

दुसरी गोष्ट म्हणजे सरसकट वेग. पाठलाग दीडपट चालतो. चेहरा वाचायचा नसेल, माणसं लांबून पळत असतील तर दुप्पटही खपतो. पण गुप्तहेर थबकतो, भिंगातून बघतो, त्याला काहीतरी कळतं आणि चुकीचंच कळतं, ते मूळ गतीलाच ठेवा. पडणाऱ्या वस्तूही तशाच. ओसरीच्या कठड्यावरून सव्वा मीटर खाली पडणाऱ्या माठाला अर्धा सेकंद लागतो. दीडपट वेगाने तो एक तृतीयांश सेकंदात खाली येतो आणि प्रेक्षकाला माठ थर्माकोलचा वाटतो. वजन गेलं की मार गेला, आणि मार गेला की हसू गेलं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: तुम्ही फार कापता. गुप्तहेर दाराशी वाकून पावलांचे ठसे मोजतोय आणि चोर त्याच्याच पाठीमागून पोतं घेऊन जिना चढतोय. तुम्ही हे तीन तुकड्यांत दाखवलंत: ठसे, चोर, पुन्हा गुप्तहेर. त्याने फक्त माहिती मिळते. हसू येतं ते दोघं एकाच चौकटीत असताना, कारण तेव्हा प्रेक्षक चोर पाहत असतो आणि बघणं हाच ज्याचा धंदा, त्यालाच तो दिसत नसतो. कॅमेरा तिवईवर, छातीच्या उंचीवर, स्थिर ठेवा. बहुतेक मोबाइलच्या मुख्य लेन्सने चार मीटरवरून ४:३ चौकटीत साडेतीन मीटरच्या आसपास रुंदी मिळते. त्यात दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत बसतात. पाय कापू नका, या प्रकारात अर्धा अभिनय पायांत असतो.

चोराचा मार्ग चुन्याने आखून द्या आणि गुप्तहेराची नजर कुठल्या आकड्यावर कुठे वळेल ते तोंडी मोजून बसवा. उदाहरणार्थ: चार आकड्यांपर्यंत तो जमिनीकडे बघतो, पाचला मान डावीकडे, तेवढ्यात चोर उजव्या खांबामागे. मूकपट आहे, चित्रण चालू असताना दिग्दर्शकाने मोठ्याने आकडे म्हटले तरी बिघडत नाही. त्या काळीही असंच ओरडून चाले.

पाट्यांबद्दलही विचारलंय. सहा मिनिटांना पाच-सहा पुरेत. पाटी सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. फजिती होण्याआधी ती पाटीवर सांगून टाकू नका. दुसऱ्या पाटीत नेमकं हेच झालंय.

प्रश्न: पुरावा म्हणून भिंतीवर कुंकवाच्या बोटांचे ठसे घेतले. कृष्णधवल केल्यावर ते भिंतीच्या रंगात मिसळून गेले. (नाशिकरोड)

उत्तर: मोबाइलचं तयार फिल्टर तांबड्याला बराच उजळ करतं. त्या काळची फिल्म तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. तांबडं काळं पडे, निळं फिकट होई, म्हणून जुन्या चित्रपटांत आकाश कोरं पांढरं दिसतं. तांबडंही नीट टिपणारी फिल्म सर्रास वापरात आली ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल मिक्सर उघडा, कृष्णधवलचा पर्याय निवडा आणि तांबडा ०, हिरवा ४०, निळा ६० असं ठेवून सुरुवात करा. ठसे डांबरासारखे उठतील. त्याबरोबर चेहरेही काळवंडतील आणि गालावरचे डाग वर येतील. तेव्हाचे नट पांढरट रंग फासत ते यासाठीच. फिकट फाउंडेशन आणि पावडरचा सपाट थर पुरतो, ओठांना तांबडं लावलंत तर काळे दिसतील. हळद आणि भगवं गडद येतं, आकाशी सदरा पांढऱ्यासारखा. गुप्तहेराला आकाशी सदरा आणि भगवा गमछा दिलात तर उठाव आपोआप मिळेल.

प्रश्न: डोक्यात फुटणारी बाटली साखरेची करतात असं ऐकलं. प्रमाण द्याल का? (सातपूर)

उत्तर: बाटलीला दोन भागांचा साचा लागतो आणि पहिल्या खेपेला ती हमखास साच्यातच मोडते. खिडकीच्या काचेपासून सुरुवात करा. साखर ४०० ग्रॅम, पाणी २०० मिली, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम (बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं). साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाहेर काढा. नंतर ढवळलं तर साखर पुन्हा दाणे धरते आणि काच दुधाळ होते. पातेल्याच्या कडांवर उडालेले थेंब ओल्या ब्रशने खाली उतरवा. गोळीबंद पाकाच्या बरंच पुढे, १५० अंश सेल्सिअसपर्यंत जायचं आहे. इथे अंदाज चालत नाही, मिठाईचा थर्मामीटर हवाच. १४५ च्या खाली उतरवलात तर काच फुटण्याऐवजी वाकते. १६० च्या वर पिवळी पडते, पण तुमचं काम कृष्णधवल असल्याने थोडी पिवळी झाली तरी हरकत नाही. तेलाचा हात फिरवलेल्या, सपाट ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या ताटात ३ ते ४ मि.मी. जाड ओता. त्याहून जाड झाली तर लागते.

हा पाक कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा, शेजारी गार पाण्याची बादली ठेवा. फुटलेले तुकडेही धारदारच असतात. चेहऱ्यावर फोडू नका आणि त्या जागेवर कुणी अनवाणी पडणार नाही हे बघा. आषाढ-श्रावणात हे करूच नका. दमट हवेत काच तासाभरात चिकट होते आणि फुटताना आवाजही करत नाही. थंडीत करा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

प्रश्न: हे गुप्तहेरपट फाळक्यांच्या आधीचे की नंतरचे? चोर एकदम नाहीसा होतो तो कसा? (त्र्यंबकेश्वर)

उत्तर: आधीचे आणि बरोबरीचेही. शेरलॉक होम्सला पडद्यावर आणणारा ज्ञात पहिला चित्रपट अमेरिकेत १९०० साली झाला. त्याची लांबी अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आणि त्यातही होम्स फसतोच: चोर पुन्हा पुन्हा नाहीसा होतो आणि शेवटी माल घेऊन पसार होतो. मॅक सेनेट आणि फ्रेड मेस या विनोदी नटांनी १९११ पासून बायोग्राफ कंपनीत आणि १९१२ साली निघालेल्या कीस्टोनमध्ये असल्याच दोन बावळट गुप्तहेरांची जोडी रंगवली. तुमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी.

नाहीसं होण्याची युक्ती फाळक्यांच्या पौराणिक चमत्कारांतही आहे. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी थिजायचं, एकाने निघून जायचं, कॅमेरा पुन्हा चालू. मोबाइलवर चित्रण थांबवू नका, बटण दाबताना तिवई हलते. चालूच ठेवा आणि मधला भाग नंतर कापा. फोकस आणि उजेड आधी लॉक करा. सगळं वीस-तीस सेकंदांत उरका, नाहीतर ढग येतो आणि सावली उडी मारते. गुप्तहेराला हवेत हात ठेवून थिजवू नका, तो डुलतो. त्याचा एक हात खांबावर टेकवा. आणि जोड तो झडप घालतो त्या क्षणी घ्या, प्रेक्षकाचं लक्ष त्याच्या मुठीवर असतं.

प्रश्न: जाहीर दाखवायला परवानगी लागते का? संगीत कुठलं लावावं? (सिडको)

उत्तर: भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे १९१३ च्या चित्रपटाचा प्रश्न उरत नाही. नव्या प्रतीला जोडलेलं संगीत मात्र अलीकडचं असतं आणि त्याचे हक्क वेगळे. तो आवाज बंद करा आणि तबला-पेटीवाले बसवा. त्यांना चित्रपट आधी दोनदा दाखवा. दर पडण्याला थाप दिली तर दोन मिनिटांत कान विटतात, म्हणून चोर दिसला की ठेका आणि गुप्तहेर विचार करू लागला की पूर्ण शांतता, एवढं ठरवून घ्या. तबलजीला पडदा दिसेल असा तिरका बसवा, प्रोजेक्टरच्या झोतात त्याचं डोकं येणार नाही हे आधी बघून ठेवा.