पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं मोठं दिसतंय, उलट्याही होतात. ऊन बाधलं असेल की मेंदूवरचा दाब वाढला असेल?

तुम्ही लिहिलंय की भाच्याचं डोकं महिनाभरात मोठं वाटायला लागलंय, चार दिवसांपासून तो दूध ओकतोय, जुलाब नाहीत, आणि घरचे ‘अमळनेरचं ऊन बाधलं’ म्हणून थांबलेत. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो, त्यामुळे घरच्यांची शंका वेडगळ नाही. पण ऊन बाधलेलं बाळ आणि डोक्यात दाब वाढलेलं बाळ यांच्या टाळूत उलटा फरक पडतो, आणि तो घरी बघता येतो.

बाळ शांत असताना त्याला मांडीवर उभं धरा आणि टाळूवरून हलकेच बोट फिरवा. सपाट किंवा किंचित खोलगट, मऊ आणि नाडीबरोबर हलणारी टाळू नेहमीची. अंगातलं पाणी कमी झालं की ती आत जाते, लघवी कमी होते, तोंड कोरडं पडतं. दाब वाढला असेल तर टाळू वर येते आणि ताठ लागते. रडताना किंवा आडवं असताना कुठल्याही बाळाची टाळू थोडी फुगते, म्हणून तेव्हाचं बघणं धरू नका. टाळूवर तेल थापून ती ‘भरत’ नाही आणि दाबही उतरत नाही. मात्र रोज तेल लावणाऱ्या आजीला फुगवटा सगळ्यांच्या आधी हाताला लागतो. त्या काही म्हणाल्या असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

मग टेप घ्या. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणलेली असते, न ताणणारी वापरा. पुढून भुवयांच्या जरा वर, बाजूने कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात बाहेर आलेला भाग धरून घ्या. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा तारखेसह लिहा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंमी असतं. पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ सेंमी, पुढचे तीन महिने १ सेंमी, नंतर वर्षापर्यंत अर्धा सेंमी अशी वाढ होते. पाच महिन्यांच्या मुलाचं सरासरी ४२-४३ येतं. एका आकड्यावर मी निष्कर्ष काढणार नाही, वेग महत्त्वाचा. जन्माच्या कागदावर किंवा लसीकरणाच्या वेळी माप लिहिलं असेल तर शोधा. आईवडिलांचीही डोकी मोजा, कारण काही घरांत डोकी मोठीच असतात आणि बाळ अगदी ठीक असतं.

मेंदूभोवतीचं पाणी अखंड तयार होत असतं आणि तेवढंच रक्तात जिरत असतं. वाट अडली किंवा जिरणं कमी झालं की ते साचतं. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोकं वाढून दाब काही काळ सामावतं. लक्षणं उशिरा दिसतात ती यामुळेच. वाट जन्मतःच अरुंद असणं, कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, मेंदूज्वर, पाठीच्या कण्यावरची जन्मजात गाठ ही नेहमीची कारणं. कपाळाच्या शिरा ठळक दिसणं, बुबुळं खाली जाऊन वर पांढरा भाग दिसणं, चिडचिड, दूध ओढताना सुस्ती हीसुद्धा बघा.

मोठ्या मुलांत डोकं वाढत नाही, दुखतं. पहाटे किंवा उठल्यावर जास्त दुखणं, उलटीनंतर जरा बरं वाटणं, नव्याने आलेला तिरळेपणा, चालताना झोक जाणं. दोन-तीन आठवडे बारीक ताप आणि त्यानंतर सुस्ती असेल तर क्षयाचा मेंदूज्वर डोक्यात ठेवायलाच हवा.

तुमच्या बाळाची टाळू उघडी असेल तर पहिली तपासणी टाळूवरून सोनोग्राफी. भूल लागत नाही, किरण नाहीत. उद्यावर ढकलू नका, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या निघाल्या तर पुढे एमआरआय आणि न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर. जाणार त्या रुग्णालयात तसा सर्जन आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारा. धडगाव-अक्कलकुव्याहून येणाऱ्यांनी तर नक्कीच, घाट उतरून परत दुसरीकडे जाण्यात दिवस जातो. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचार बसतात का हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात.

झोपेतून उठवता न येणं, झटके, श्वास अडखळणं यांपैकी काही दिसलं तर लगेच १०८. वाटेत डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर, मान सरळ ठेवा. उशीने हनुवटी छातीला टेकली की डोक्यातलं रक्त उतरायला अडतं. सुस्त बाळाला चमच्याने काहीही पाजू नका, ठसका लागतो. ओळखीच्या दवाखान्यात ‘ताकदीची ग्लुकोजची बाटली’ लावून घेऊ नका. नुसतं ग्लुकोजचं पाणी मेंदूची सूज वाढवू शकतं.

पाणी साचलेलं असेल तर गोळ्यांवर महिने काढणं फुकट. बहुतेकदा शंट बसवतात, म्हणजे मेंदूतलं पाणी कातडीखालच्या नळीने पोटात सोडतात. काही मुलांत दुर्बिणीने आतच वाट काढता येते, पण अगदी लहान बाळांत ती बंद पडण्याची शक्यता जास्त. शंट आयुष्यभर टिकेलच असं नाही, पहिल्या वर्षात तुंबण्याचं प्रमाण मोठं आहे. उलट्या, सुस्ती, टाळू पुन्हा ताठ होणं म्हणजे नळी अडल्याची शंका. ताप किंवा टाक्यांवर लाली म्हणजे जंतुसंसर्गाची. दोन्हीत त्याच दिवशी सर्जनकडे. शंटच्या नळीवरचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी किती सुटायचं ते ठरवणारी झडप, घरी दाबून बघू नका. तो कोणत्या प्रकारचा आहे आणि कुठल्या आकड्यावर ठेवलाय हे लिहिलेल्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. बाहेरून दाब बदलता येणारा असेल तर एमआरआयनंतर तो आकडा पुन्हा तपासून घ्यावा लागतो.