'अरबटचरबट खाणं' वेगळं आणि 'चरणं' वेगळं

प्रश्न असा आलाय की लॉकडाउनमधे लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयी कशा बिघडल्या यावर मराठीत लेख लिहायचाय, तर 'स्नॅकिंग'ला 'अरबटचरबट खाणं' चालेल का, आणि बरोबर काय, अबरचबर की अरबटचरबट?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दोन्ही चालतात. आमच्या घरात अरबटचरबट म्हणतात, अबरचबर पण सर्रास कानावर येतं. अघळपघळ, अचकटविचकट यांच्यासारखाच नादावर चालणारा शब्द, ऐकल्या ऐकल्या कळतं की याला काही ताळतंत्र नाही.

पण स्नॅकिंगला तो घेऊ नका. अरबटचरबट म्हटलं की काय खाल्लं ते कळतं, कसं खाल्लं ते नाही. आणि २०२० चा एप्रिल आठवा, वडापावच्या गाड्या बंद, चायनीज बंद, कॉलेजसमोरची भेळ बंद, म्हणजे बाहेरचं अरबटचरबट तर कित्येकांचं उलट सुटलंच होतं. वाढलं होतं ते येताजाता तोंडात टाकणं. मी स्वतः मीटिंग म्यूट करून स्वयंपाकघरात जायचो, कधी मूठभर शेंगदाणे कधी गुळाचा खडा, आणि त्या स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण निघताना 'टक्' असा आवाज व्हायचा की आतून आई म्हणायचीच, "दिवसभर चरत असतोस, मग जेवायला बसल्यावर भूक कुठून लागणार?"

हा तुमचा शब्द, चरणं. शेंगदाणे-गूळ काही अरबटचरबट नव्हे, तरी सवय वाईटच होती, कारण गुरांसारखं थोडं थोडं, पुढे पुढे सरकत तोंड चालूच, जेवणाची अशी वेळच उरलेली नाही.

'बिंज'ला, म्हणजे एका दमात भरमसाट खाण्याला, मात्र चरणं पुरत नाही. रात्री अकराला बिस्किटांचा अख्खा पुडा एका बैठकीत संपतो तेव्हा 'खा खा सुटली' म्हणतात. वखवख पण जवळचा शब्द आहे, पण त्यात अधाशीपणाचा ठपका येतो, आणि घरात एकट्या अडकलेल्या, घाबरलेल्या माणसाबद्दल तो वापरणं मला पटत नाही.

पिण्याचं जपून लिहा. मराठीत नुसतं 'तो पितो' म्हटलं की दारूच. ४ मे २०२० ला दारूची दुकानं उघडली आणि लांबच लांब रांगा लागल्या, मुंबईत तर दोन दिवसांत परत बंद करावी लागली, ते सांगायचं असेल तर 'पिणं' ठीक आहे. पण घरी बसून दिवसाला सहा-सात कप व्हायला लागले त्याबद्दल असेल तर 'चहा ढोसणं' लिहा, नाहीतर वाचणारा भलतंच समजेल.

आणि लॉकडाउनला लॉकडाउनच राहू द्या. पेपरवाल्यांनी टाळेबंदी रूढ केला खरा, पण ज्यांच्या घरात गिरणी कामगार होते त्यांना टाळेबंदी म्हटलं की अजून मालकाने कुलूप घातलेलं गेटच आठवतं.