पहिल्या फवाऱ्यावर जाऊ नकोस

सदाशिव पेठ, पुणे

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पहिल्या पगारातून आईला साडी, आजीला शाल आणि उरलेल्या पैशांत स्वतःला एक चांगला सेंट, ही वाटणी मला मनापासून आवडली. सेंट गोड नको, डिओसारखा अंगावर येणारा नको, लिंबू-संत्र्यासारखा ताजा हवा आणि त्याखाली लाकडाचा वास हवा, असं तू लिहितोस. म्हणजे काय हवंय ते तुला नीट ठाऊक आहे, फक्त नाव विचारलं आहेस. नावं सांगतोच. पण या जातीच्या सेंटबद्दल मला जे सांगायचंय ते मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

काउंटरवर फवारा मारला की जो झणझणीत ताजेपणा नाकात शिरतो, त्याला भुलून लोक लगेच कार्ड पुढे करतात आणि दोन दिवसांनी कुरकुरतात, 'टिकतच नाही.' टिकत असतो रे. पण जे टिकतं ते त्यांनी दुकानात हुंगलेलंच नसतं. लिंबूवर्गी वास अर्ध्या-पाऊण तासात उडून जाणारच, ती त्याची प्रकृतीच आहे. दिवसभर तुझ्यासोबत राहणार ते खालचं लाकूड. त्यामुळे सेंट निवडायचा तो तासाभरानंतरच्या वासावरून.

हे मी सांगून पटणार नाही, तुझ्या नाकाला पटायला हवं. म्हणून मॉलमध्ये जाण्याआधी मंडईत जा. एक संत्रं, एक मोसंबं, एक कागदी लिंबू आण. हंगाम असेल आणि मिळालं तर पपनसही आण. संत्र्याच्या सालीचा तुकडा दोन बोटांत धर, बाहेरची बाजू उजेडाकडे कर आणि दुमड. खिडकीतून ऊन येत असेल तर सालीतून बारीक तुषार उडताना स्पष्ट दिसतील. सेंटच्या बाटलीत जातं ते हेच तेल. ते रसात नसतं, सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या पिशव्यांत असतं आणि उष्णता न देता साल दाबून काढतात. चारही फळांच्या साली अशा एकामागून एक हुंगून बघ. लिंबू धारदार असतं, मोसंबं मऊ आणि जरा मंद, संत्रं गोड. पपनसाच्या सालीत एक कडवट, हिरवट छटा आहे ती नीट ध्यानात ठेव, कारण ग्रेपफ्रूट हे पपनस आणि मोसंब्याच्या जातीचं गोड संत्रं यांच्या संकरातून आलेलं फळ आहे आणि या सेंटमध्ये ते सारखं भेटतं. सेंटमध्ये हमखास असणारं बर्गमॉट नावाचं लिंबूवर्गी फळ मात्र मंडईत मिळायचं नाही. ते पिकतं मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात, आणि लावलं जातं ते सालीतल्या तेलासाठी. अर्ल ग्रे चहा प्यायला असशील तर त्यातला वास बर्गमॉटचाच.

आता थांब. पंधरा-वीस मिनिटांनी तीच बोटं पुन्हा हुंग. संत्रं जवळजवळ गेलेलं असेल. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. त्याच्या रेणूत कार्बनचे अवघे १० अणू, म्हणून तो हलका, झटकन उडणारा. लाकडांच्या आणि मुळांच्या वासातले बरेचसे रेणू १५ कार्बनचे असतात. ते जड असतात, सावकाश उठतात आणि रेंगाळतात. (साली हाताळल्यावर हात साबणाने धू आणि मगच उन्हात जा. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल कातडीवर राहिलं आणि त्यावर कडक ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. बर्गमॉटच्या तेलातही असाच एक घटक आहे, बर्गाप्टेन. आताच्या सेंटमध्ये तो काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा त्याचं प्रमाण अगदी कमी ठेवतात.)

मंडईजवळच काष्ठौषधीचं दुकान गाठ आणि वाळ्याची एक जुडी घे. आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा. परदेशी सेंटच्या वर्णनात ज्याला व्हेटिव्हर म्हणतात तो हाच. एरवी तो आपण पाण्यापुरता ओळखतो, म्हणून आता जरा वेळ देऊन हुंग. आधी कोरडी जुडी नाकाशी धर. धुळकट, लाकडी, किंचित धुरकट वास येईल. मग तिच्यावर पाणी शिंपड आणि पाचेक मिनिटांनी परत बघ. आता तीच मुळं ओल्या मातीकडे झुकतील, आत गारवा येईल, आणि अगदी खोलवर सालीसारखा एक कडवट आंबूसपणा लागेल. हा शेवटचा धागा पकड, कारण सगळी गंमत त्याच्यात आहे. ग्रेपफ्रूटचा जो खास वास, त्यामागच्या पदार्थांत नूटकाटोन नावाचा एक आहे. तो थोड्या प्रमाणात वाळ्यातही असतो. आणि शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला तो कुठल्या फळातून नव्हे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सायप्रस जातीच्या एका झाडाच्या लाकडातून. फळ आणि लाकूड यांचं नातं मुळात आहेच. चांगला अत्तरकार ते ओळखतो आणि वरची साल विरता विरता खालचं मूळ कधी सुरू झालं ते कळू देत नाही. या जातीचा सेंट चांगला की सुमार हे मी त्या सांध्यावरून ठरवतो. सुमार सेंटमध्ये लिंबू एकदम संपतं, आणि मग मागे उरतो तो फर्निचरच्या दुकानातला वास.

जेवताना बघ, गरम वरणभातावर लिंबू पिळलं की वाफेबरोबर आधी तेच वर येतं आणि मग तूप-भाताचा वास लागतो. तेवढा बेतशीर क्रम सेंटमध्ये साधायला मात्र मोठं कसब लागतं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे कोलोन. योहान मारिया फारिना हा इटालियन माणूस जर्मनीतल्या कोलोन शहरी स्थायिक झाला. त्याच्या घराण्याची अत्तराची पेढी १७०९ पासूनची, आणि त्या शहराचंच नाव त्या सुगंधी पाण्याला पडलं. आपल्याकडे ते कोलनवॉटर म्हणून आलं. तुझ्या आजीला विचार, ताप चढला की कपाळावर त्याच्या घड्या ठेवायचे. त्यातलं अल्कोहोल झरझर उडायचं आणि कपाळ गार पडायचं. वासही तसाच घटकेत जायचा. त्याखाली पाया घालायचं काम पुढच्या लोकांनी केलं.

त्यातली दोन नावं तुला देतो. एक, दिओरचं 'ओ सोव्हाज', १९६६ सालचं, एदमों रुदनित्स्का या अत्तरकाराचं. लिंबू, बर्गमॉट, रोझमेरी, आणि खाली वाळा नि ओकच्या झाडावर वाढणारं, दगडफुलाच्या जातीचं ओकमॉस. त्याने त्यात हेडिओन नावाचा तेव्हा नवा असलेला पदार्थ घातला. जाईजुईच्या जातकुळीतला, पण फुलासारखा गोड न होता सगळ्या वासात हवा खेळती ठेवणारा. आज तो असंख्य सेंटमध्ये असतो. दुसरं, एर्मेसचं 'तेर द एर्मेस', २००६ सालचं, जाँ-क्लोद एलेना याचं. यात संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी, देवदाराच्या जातीचं लाकूड, वाळा, आणि एक गारगोटीचा वास. लहानपणी तू वेताळ टेकडीवरून गारगोट्या आणून अंधारात एकमेकींवर घासायचास, ठिणगी पडायची आणि एक जळका, कोरडा वास यायचा, आठवतं? तोच. मला स्वतःला विचारशील तर तुझ्या वयाला, तुझ्या कामाला आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याला दुसरं जास्त शोभेल. पहिलं जास्त सुरेख आहे, पण ते जरा थांबून, तिशीत घे.

दुकानात जायचं ते सकाळी, अंगाला काहीही न लावता. आधी कागदाच्या पट्टीवर, आणि त्यातलं जे बरं वाटेल ते एकच मनगटावर. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, घासल्याने वरचा नाजूक भाग लवकर उडतो. विक्रेता आणखी चार पट्ट्या पुढे करेल, नम्रपणे नको म्हण. मग बाहेर पड. जंगली महाराज रस्त्याने झाडांच्या सावलीतून संभाजी बागेपर्यंत चाल, कुठेतरी चहा घे, मेट्रोने घरी ये. दहा मिनिटांनी, तासाने, जेवण झाल्यावर आणि संध्याकाळी मनगट हुंग. संध्याकाळी जे उरलं असेल ते तुला आवडलं तर ती बाटली तुझी. नाही आवडलं तर वरचं संत्रं कितीही मोहक असू दे, सोडून दे.

लावायचं किती? दोन फवारे छातीवर, शर्टाच्या आत, आणि फार तर एक मानेमागे, कॉलरखाली. बास. कपड्याआडून, अंगाच्या उबेने तो हळूहळू वर येतो आणि थेट उन्हातही जात नाही. पांढऱ्या शर्टावर किंवा रेशमी झब्ब्यावर मारू नकोस, डाग पडतात. हात लांब केला तर जेवढं अंतर, तेवढ्यातल्या माणसालाच तुझा सेंट कळावा. खराडीच्या शेअर कॅबमध्ये खिडक्या बंद आणि एसी चालू असतो. तिथे बाजूच्या माणसाला श्वास घ्यायचा असतो हे विसरू नकोस. दवाखान्यात कुणाला बघायला जाताना अजिबात लावू नये. पंगतीला बसतानाही नको, कारण तिथे वास मसालेभाताचा यायला हवा.

आणि एक फसगत सगळ्यांचीच होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. अर्ध्या तासाने तुला स्वतःला वास येईनासा होईल. नाक एकाच वासाला सरावतं. त्यात हल्लीच्या लाकडी सेंटमध्ये आयसो ई सुपर नावाचा एक घटक भरपूर असतो आणि तो काही लोकांना जवळपास जाणवतच नाही. तुला वाटेल उडाला. उडालेला नसतो. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन परत मारू नकोस. शंका आली तर आईला विचार, ती खरं सांगेल.

ऋतूंचं गणित तुझं तुला कळेलच. होळीनंतर आपल्याकडे हवा कोरडी आणि तापलेली, तेव्हा वरचं लिंबू झर्रकन उडतं पण त्या तेवढ्या वेळात फार सुख देतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की वाळा खुलतो, दमट हवेत तो असा काही उठतो की वर्षभर वापरलेला सेंट नवा वाटावा. डिसेंबरच्या सकाळी मात्र तो मिटून बसतो, तेव्हा तक्रार करू नकोस.

बाटली कपाटात ठेव, बाथरूममध्ये नाही आणि गाडीच्या डिकीत तर नाहीच. ऊन, उष्णता आणि हवा यांनी सगळ्यात आधी बिघडतो तो लिंबूवर्गी भागच. म्हणून मोठीचा मोह टाळून ५० मिलीची घे. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतोय का बघ. निम्म्या किमतीत 'ओरिजिनल' कुणी देत असेल तर वळून बघू नकोस.

एवढे पैसे आत्ता सुटत नसतील तर वाईट वाटून घेऊ नकोस. पेठेतल्या एखाद्या अत्तरवाल्याकडे जा आणि कनौजची रूह खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, मागून बघ. तांब्याच्या डेगीत वाळ्याची मुळं उकळून, वाफ थंड करून काढतात. तांब्यामुळे तिला हिरवट रंग येतो. शुद्ध असेल तर तीही स्वस्त नसते, पण लहानशी कुपी पुरे, कारण बोटाच्या टोकावर येईल एवढीच लावायची. चंदन मागू नकोस. खरं चंदन किती दुर्मीळ झालंय ते तुला ठाऊकच आहे. आपल्या पुण्यात बंगल्यांच्या आवारातली चंदनाची झाडं रातोरात कापून नेतात, दर काही महिन्यांनी पेपरात येतं. तेल असतं ते खोडाच्या गाभ्यात, आणि तो गाभा भरायला वर्षानुवर्षं लागतात. स्वस्तात 'चंदन' म्हणून जे विकतात ते बहुतेक कृत्रिम असतं.

शनिवारी सकाळी मी मंडईत भाजीला जातोच. यायचं असेल तर शुक्रवारी फोन कर, वाळ्याची जुडी कशी निवडायची ते दाखवतो. आणि त्या दिवशी अंगाला काही लावून येऊ नकोस.

तुझा,
मामा