जुगारामागची कारणं मोजायची आहेत?

डिचोलीची एक विद्यार्थिनी लिहिते: 'बीए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोक जुगार का खेळतात यावर प्रकल्प करायचाय. प्रश्नावली कुठली घेऊ? यात पुढे करिअर आहे का?'

विषय मोलाचा निवडलास. माणूस का खेळतो आणि त्याचं खेळणं किती हाताबाहेर गेलंय, ही मापं मात्र वेगळी ठेव. दुसऱ्यासाठी पीजीएसआय (प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हेरिटी इंडेक्स) या प्रश्नावलीचे 9 प्रश्न आहेत: प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27 पैकी 8 किंवा जास्त आले तर प्रकरण गंभीर. पहिल्यासाठी स्टुअर्ट आणि झॅक यांची 2008 ची 'गॅम्बलिंग मोटिव्ह्ज क्वेश्चनेअर' घे. तीत 15 विधानं आहेत. थरार, संगत आणि मनाचा त्रास विसरणं या तीन हेतूंची पाच-पाच. पैशाचा हेतू मूळ प्रश्नावलीत नव्हता, आणि मटक्याचा आकडा लावणारा तर आधी तोच सांगेल. पुढच्या आवृत्तीत तो जोडलाय, तीच वापर.

खरा कस भाषांतरात लागतो. 'जुगार खेळता का?' म्हटलंस की जत्रेत गडगड्यावर पैसे लावणाराही मान हलवून 'नाही' म्हणेल. त्यापेक्षा 'गेल्या 12 महिन्यांत मटका, पत्ते, लॉटरी, मोबाइलवरचे पैशांचे खेळ यांतलं काय खेळलात?' असं नावानिशी विचार. मराठी मसुदा मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घे आणि ताडून बघ. कोकणी मसुदा वेगळा लागेल. मग 8-10 जणांना प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लाव. हमखास चूक होते ती इथे: उत्तर 1 ते 4 मध्ये, 'खेळता तेव्हा किती वेळा या कारणाने?' असं असतं. लोक ते 'पटतं का?' असं धरतात आणि सरळ 4 वर खूण करतात.

किमान 150 खेळणारे गाठ. घरच्यांसमोर फॉर्म भरून घेऊ नकोस, उत्तरं खोटी येतील. पणजीत कॅसिनोच्या जेटीवर उभी राहिलीस तर बहुतेक पर्यटकच भेटतील. क्रोनबाख अल्फा, म्हणजे एका हेतूची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 0.70 खाली आला तर कुठलं विधान बिघडवतंय ते शोध.

करिअर आहे, पण संख्याशास्त्राशिवाय नाही. एमएबरोबर आर किंवा जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शीक, दोन्ही फुकट आहेत. पर्वरीच्या 'संगत'सारख्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांत संशोधन सहायकाच्या जागांवर लक्ष ठेव. रुग्णांवर उपचार करायचे असतील तर आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला) अभ्यासक्रम लागतोच.

फॉर्मच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक छाप. ही विधानं वाचताना एखाद्याला स्वतःबद्दलच काही उमगतं, तेव्हा तो हाताशी हवा.