अंटार्क्टिकाला निघालायस? वही घे
अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून बोट सुटली की ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्रातले दोन दिवस पोटात काही टिकत नाही, तेव्हा जाडजूड पुस्तकं नेऊ नकोस. छोटी वही ने. पहिल्या खेपेला मी नुसते फोटो काढत सुटलो. घरी येऊन बघतो तर कुठला पेंग्विन कोणता, पत्ता नाही! हनुवटीखाली काळी रेघ तो चिनस्ट्रॅप, डोक्यावर पांढरा पट्टा नि केशरी चोच तो जेंटू, एवढं तिथंच लिहून ठेव. त्यांची विष्ठा गुलाबी का, या प्रश्नाने मला ते खातात त्या क्रिलपर्यंत, म्हणजे कोळंबीसारख्या लालसर चिमुकल्या जीवांपर्यंत, नेलं आणि तिथून समुद्रबर्फापर्यंत. क्रिलची पिल्लं हिवाळ्यात त्या बर्फाखालचं शेवाळ खाऊन तगतात. मग हा खंड शांततेसाठी नि विज्ञानासाठी राखणारा १९५९ चा अंटार्क्टिक करारही वाचून काढला. विष्ठेचा वास मात्र भयंकर, नाकाला रुमाल बांध.